दोस्ताच्या भरवशावरची फौज

दर 17 सप्टेंबरला नांदेड-लातुरात झेंडावंदन होतं, निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव घेतलं जातं. आणि दरवर्षी मला एकच प्रश्न छळतो: दीडशे वर्षं फौजेवर मुलूखच्या मुलूख ओवाळून टाकणारं निजामाचं हैदराबाद संस्थान 1948 मध्ये पाच दिवसांत कोसळलं कसं?

उत्तराची सुरुवात 1798 पासून करावी लागते. फ्रेंचांनी घडवलेल्या पलटणी निजामाने मोडल्या आणि इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. 1800 साली तिच्या खर्चापोटी टिपूच्या राज्यातून वाट्याला आलेला मुलूख गेला. 1853 मध्ये 'हैदराबाद कंटिन्जंट' या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या वेगळ्या फौजेच्या थकबाकीपायी वऱ्हाड गहाण पडला. फौज निजामाच्या पैशाची, पण हुकूम इंग्रजांचा. पैसा तरी निजामाचा कुठला? आमच्या मराठवाड्याच्या काळ्या रानातून वसूल झालेला शेतसारा तो!

पहिल्या महायुद्धात तेव्हाचा निजाम उस्मान अली याने इंग्रजांच्या हवाई दलाला विमानांचा अख्खा ताफा घेऊन दिला. 110 क्रमांकाच्या त्या स्क्वाड्रनच्या नावातच 'हैदराबाद' आलं. बदल्यात किताब मिळाला, 'यार-ए-वफादार', म्हणजे इमानी दोस्त. दुसऱ्या महायुद्धातही हैदराबादच्या नावाची स्क्वाड्रन स्पिटफायर उडवत होती.

1947 मध्ये हा इंग्रज दोस्त निघून गेला. 29 नोव्हेंबरला भारताशी जैसे थे करार झाला, पण महिन्या-दोन महिन्यांतच त्यावरून खटके उडू लागले. निजामाने पाकिस्तानला दिलेलं वीस कोटींचं कर्ज उघड झालं. भारताने नाकेबंदी केली आणि हत्यारांचा रस्ता बंद झाला. मग सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारात कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून शस्त्रं आणू लागला. ती उतरत बीदरला आणि वरंगळला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते. म्हणजे हा व्यवहार आमच्या उंबऱ्याशी चालला होता. एकेकाळी दुसऱ्याला विमानं वाटणाऱ्यावर आता भाड्याची, चोरटी विमानं आणायची पाळी आली होती.

निजामाची सत्ता राखायला उभ्या राहिलेल्या आणि गावांवर चालून येणाऱ्या रझाकारांच्या हाती मात्र बहुधा भरमार बंदुका आणि भाले असत. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. भाषा दिल्ली जिंकण्याची, जोर निःशस्त्र शेतकऱ्यावर. निजामाविरुद्ध लढणाऱ्या तरुणांनाही शस्त्रांसाठी पैसा हवाच होता. त्यांनी जानेवारी 1948 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली.

13 सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौज निघाली. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच तिच्या हाती आला. निजामाची तक्रार घेऊन शिष्टमंडळ पॅरिसला सुरक्षा परिषदेपुढे उभं राहीपर्यंत इकडे निकाल लागत आला होता. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी निजामाचा सेनापती जनरल अल इद्रूसने भारतीय फौजेच्या मेजर जनरल चौधरींपुढे रीतसर शस्त्रं ठेवली.

त्यानंतरचे आठवडेही सांगितलेच पाहिजेत. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अंदाजाने त्या काळात संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुसंख्य मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर आणि नांदेड होते. आमच्या भाषणांत हे येत नाही, ते यायला हवं.

निजामाने घेऊन दिलेल्या त्या 110 स्क्वाड्रनचं एक विमान 1918 च्या ऑक्टोबरात जर्मनीत पाडलं गेलं. बर्लिन, मग पोलंड असं फिरून ते इंग्लंडला परतलं. लंडनच्या हवाई दल संग्रहालयात ते आजही उभं आहे, अंगावर देणाऱ्याचं नाव: हैदराबादचा निजाम.