अग्निशमन दलातील लांबणीवर टाकलेली देखभाल : डेट्रॉइट शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

शहराच्या अग्निशमन दलाची सज्जता मोजताना सामान्यतः केंद्रे, बंब आणि जवान यांची संख्या विचारात घेतली जाते. परंतु ही संख्या कागदावर पूर्ण असूनही दल असज्ज असू शकते. वेळापत्रकानुसार करावयाची तपासणी व दुरुस्ती पैशाअभावी किंवा मनुष्यबळाअभावी पुढील वर्षावर ढकलली जाते, तेव्हा बंब केंद्रात उभाच असतो, नोंदवहीत त्याची नोंदही असते. कमी झालेली असते ती त्याच्यावर ठेवता येण्याजोगी भिस्त. नगरपालिकेच्या जमाखर्चात ही घट कोठेही दिसत नाही. म्हणूनच लांबणीवर टाकलेली देखभाल हे एक प्रकारचे न नोंदविलेले कर्ज मानावे लागते. प्रस्तुत लेखात या कर्जाचे स्वरूप अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अग्निशमन वाहनाचे वेगळेपण

अग्निशमन बंब मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधलेला असला, तरी मालमोटारीचे निकष त्याला लागू पडत नाहीत. वर्दी येताच थंड इंजिन काही सेकंदांत पूर्ण भाराखाली धावू लागते. घटनास्थळी पोहोचल्यावर तेच इंजिन जागेवर उभे राहून तासन् तास पंप चालविते आणि या काळात किलोमीटर दर्शविणारा आकडा जराही पुढे सरकत नाही. त्यामुळे 'गाडी फारशी धावलेली नाही' हे विधान बंबाच्या बाबतीत जवळजवळ निरर्थक ठरते.

पंपाची गोष्ट आणखी निराळी आहे. तो वापरल्याने झिजतो, तसाच न वापरल्यानेही बिघडतो. दांड्याभोवतीचे पॅकिंग कोरडे पडले की तेथून हवा आत शिरते. बंबावरील टाकीतून पाणी घेताना हा दोष सहसा जाणवत नाही, कारण टाकीतील पाणी आपोआप पंपाकडे येते. विहिरीतून किंवा तलावातून पाणी ओढण्याची वेळ आली की मात्र पंपात निर्वात पोकळी निर्माण होत नाही आणि पाणी वर चढत नाही. रोजच्या पाहणीत ठीक दिसणारे यंत्र अशा रीतीने नेमक्या प्रसंगी निकामी ठरते. हायड्रॉलिक शिडीच्या सांध्यातील बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. श्वसनोपकरणाचे सहा लिटरचे सिलिंडर ३०० बार दाबाने भरले, तर त्यात सुमारे १,८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर या हिशेबाने ती ४५ मिनिटे पुरावी. मुखवट्याची कड किंवा झडप गळकी असेल तर ही मिनिटे घटतात, आणि ती घटल्याचे जवानाला धुराने भरलेल्या खोलीत समजते.

याच कारणाने अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानकांनी पंपाची दरवर्षी पूर्ण क्षमतेने चाचणी घेण्याची आणि शिडीची वार्षिक तपासणी करण्याची अपेक्षा ठेवली आहे. त्याशिवाय दर पाच वर्षांनी शिडीच्या धातूची आतून परीक्षा करणारी चाचणीही त्यांत सांगितली आहे. पंधरा वर्षांवरील वाहन पहिल्या फळीतून काढून राखीव ताफ्यात ठेवावे आणि पंचवीस वर्षांनंतर ते बदलावे, असेही या मानकांच्या मार्गदर्शनात सुचविले आहे.

राखीव ताफा : कर्ज लपण्याची जागा

देखभाल बंद करण्याचा ठराव कोणतेही शहर करीत नाही. निवृत्त झालेल्या यांत्रिकाची जागा भरली जात नाही, सुट्या भागांच्या लेखाशीर्षातील रक्कम दुसरीकडे वळविली जाते, आणि प्रतिबंधक देखभालीचा दिवस तातडीच्या दुरुस्तीत खर्ची पडतो. आरंभी याचा परिणाम दिसत नाही, कारण बिघडलेल्या बंबाच्या जागी राखीव बंब येतो. पुढे राखीव बंबच कायमचा पहिल्या फळीत राहतो. मग एका नादुरुस्त वाहनाचे भाग काढून दुसऱ्याला बसविले जातात. नागरिकांच्या दृष्टीने या संपूर्ण काळात सेवा सुरळीतच असते. राखीव ताफा संपतो त्या दिवशी वर्षानुवर्षे साचलेली थकबाकी एकदम उघडी पडते. दलाच्या प्रकृतीची खरी खूण धावणाऱ्या बंबांपेक्षा राखीव बंबांच्या स्थितीत अधिक स्पष्टपणे दिसते, असे म्हणावयास हरकत नाही.

डेट्रॉइटचा अनुभव

मोटार उद्योगाचे माहेरघर असलेल्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे साडेअठरा लाख होती. २०१० च्या जनगणनेत ती सुमारे ७ लाख १४ हजार भरली. करदाते गेले, पण शहराचे क्षेत्रफळ तेवढेच राहिले आणि ओस घरांच्या रूपाने आगीचे इंधन वाढले. वर्षाला अकरा ते बारा हजार आगी लागत आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्के पडक्या किंवा रिकाम्या इमारतींत असत. उत्पन्न आटत असताना दलाचे काम मात्र कमी झाले नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

जून २०१३ मध्ये शहराचे आपत्कालीन व्यवस्थापक केव्हिन ऑर यांनी धनकोंपुढे सादर केलेल्या प्रस्तावात दलाची अवस्था नमूद आहे. वाहनांत अनेक यांत्रिक दोष होते आणि राखीव वाहन एकही नव्हते. वाहने दुरुस्त करणाऱ्या विभागात १९९० च्या दशकात ६३ कर्मचारी होते, ते २६ वर आले होते. त्यामुळे प्रतिबंधक देखभाल वेळेवर होऊ शकत नव्हती. शहराच्या ३६ रुग्णवाहिकांपैकी २०१३ च्या पहिल्या तिमाहीत अनेकदा केवळ १० ते १४ रस्त्यावर असत. फेब्रुवारी २०१३ मध्ये तर दलाच्या आयुक्तांनी असा आदेश दिला की, कोणाच्या जिवास तात्काळ धोका असल्याखेरीज हायड्रॉलिक शिड्या वापरू नयेत, कारण त्यांची सुरक्षा तपासणी कित्येक वर्षे झालेली नव्हती.

या आदेशाचा अर्थ बारकाईने पाहण्यासारखा आहे. ज्या शिडीवर सामान्य आगीत चढणे धोक्याचे मानले, तीच शिडी खिडकीत माणूस अडकलेला असताना वापरावयाची होती. शिडीचा धोका त्या प्रसंगी कमी होत नव्हता. तो पत्करण्याचे कारण तेवढे वाढत होते. अंदाजपत्रकात वाचविलेल्या तपासणीच्या खर्चाचा भार अशा रीतीने शिडीवरील जवानाच्या आणि खिडकीतील नागरिकाच्या अंगावर आला. केंद्रांतील संदेशव्यवस्थाही याच वळणाची होती. काही केंद्रांत वर्दी फॅक्सवर येत असे. बाहेर येणाऱ्या कागदाने ढकलला जाऊन खाली पडेल असा शीतपेयाचा रिकामा डबा जवान यंत्रावर ठेवीत आणि त्याच्या आवाजाने सावध होत. जवानांच्या कल्पकतेचे कौतुक करावे, परंतु ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या त्याच्या दलाला घंटेऐवजी डबा वापरावा लागावा, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

मार्च २०१३ मध्ये काही उद्योगांनी २३ रुग्णवाहिका आणि १०० पोलीस गाड्यांसाठी ८० लाख डॉलर देऊ केले. देणगीतून वाहन मिळते. यांत्रिकाचा पगार मात्र अंदाजपत्रकातूनच निघावा लागतो. १८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेत सेवा सुधारण्यासाठी दहा वर्षांत सुमारे १.७ अब्ज डॉलर खर्चण्याची तरतूद होती. यांतील बराच भाग न केलेल्या खर्चाची उशिरा झालेली फेड होता, असे म्हणता येते.

हे केवळ कंगाल शहरांतच घडते असे नाही. जानेवारी २०२५ मधील भीषण वणव्यांच्या वेळी लॉस एंजेलिसच्या तत्कालीन दलप्रमुखांनी शंभराहून अधिक वाहने नादुरुस्त उभी असल्याचे सांगितले. कारण पैशाइतकेच यांत्रिकांच्या तुटवड्याचे होते. ती वाहने चालू असती तरी त्या वाऱ्यापुढे कितपत फरक पडला असता, याविषयी मतभेद संभवतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत समाविष्ट आहे आणि महाराष्ट्रात शहरांतील दले प्रामुख्याने स्थानिक संस्थाच चालवितात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आणलेल्या ५,००० कोटी रुपयांच्या योजनेच्या नावातच 'विस्तार' आणि 'आधुनिकीकरण' हे शब्द आहेत; वर्षानुवर्षांची देखभाल महसुली खर्चातूनच व्हावी लागते. नव्या बंबाचे लोकार्पण होते, पॅकिंग बदलले म्हणून कोणी नारळ फोडत नाही.

केंद्राच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून शासन व स्थानिक संस्थांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठीच्या विशेष वाहनांना यातून वगळले होते. वयाची अशी मर्यादा जीर्ण बंब हटविण्यास उपयोगी पडते. परंतु आठ वर्षांचा दुर्लक्षित पंप ती पकडू शकत नाही, आणि राखीव म्हणून उत्तम राखलेला जुना बंब मात्र ती बाद करते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मधील तरतूद या दृष्टीने लक्षणीय आहे. इमारतीचा मालक किंवा भोगवटादार याने तेथील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा सादर करावयाचे असते. ही तरतूद इमारतींतील यंत्रणेपुरती आहे. प्रमाणपत्र मागणाऱ्या दलाच्या स्वतःच्या पंपांना, शिड्यांना आणि श्वसनोपकरणांना ती लागू नाही. प्रत्येक बंबाच्या पंपचाचणीची शेवटची तारीख, तिच्यात मिळालेला दाब व प्रवाह आणि राखीव वाहनांची त्या दिवशीची संख्या एवढीच माहिती त्याच दोन महिन्यांत स्थायी समितीपुढे ठेवण्यास नवा कायदा लागणार नाही. केंद्रातील नोंदवहीच्या एका पानात ती मावते.