काहिलीपासून पॅनपर्यंत : सीमाभागातल्या दाण्याचा मागोवा

साखर कारखान्यांचा इतिहास आपण निवडणुका, ऊसदर आणि गाळपाचे आकडे यांतूनच लिहीत आलो. साखरेचा दाणा पडतो कसा आणि तो पाडणारी माणसं कोण, हे त्यात फारसं आलंच नाही. उगार, संकेश्वर, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यापुरतं तरी ते यायला हवं. इथल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या स्फटिक घडवण्यावर पोट भरलं आहे.

कारखान्यांआधी गुऱ्हाळं होती. उघड्या काहिलीत रस तासन्‌तास उकळला की त्यातली थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. हे दोन्ही घटक साखरेच्या रेणूंना एका ओळीत बसू देत नाहीत, म्हणून गुळात मोठा स्फटिक वाढत नाही, नुसता बारीक रवाळपणा येतो. गूळ करणारा गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी जमते का पाहतो, ती पाक तयार झाल्याच्या क्षणाची परीक्षा. रसात टाकायचा चुना कमी पडला तर साखर जास्त फुटते आणि गूळ चिकट होतो. जास्त पडला तर गूळ काळवंडतो. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता हे तंत्र नेमकं सांभाळणाऱ्या माणसाला मी कारागीर म्हणेन, मजूर नाही.

१९३९ साली शिरगांवकर बंधूंनी उगार शुगर वर्क्सची स्थापना केली आणि कृष्णाकाठी दाण्याची दुसरी रीत आली. तिचं मूळ इंग्लंडमध्ये : एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड याने १८१३ च्या सुमारास बंद भांड्यातली हवा काढून पाक कमी तापमानाला उकळण्याची युक्ती काढली. निर्वात पॅनमध्ये पाक साठ-सत्तर अंशांवर उकळतो, त्यामुळे साखर फुटत नाही, करपत नाही. गुळव्याला जे टाळता येत नव्हतं, ते इथे टळलं.

तरीही नुसतं आटवून चांगला दाणा मिळत नाही. साध्या तापमानाला एक किलो पाण्यात सुमारे दोन किलो साखर विरघळते. पाक त्याहून थोडा दाट झाला, तरी साखर बाहेर पडायला नाखूष असते. रेणूंना बसायला आधीचा एखादा कण लागतो. म्हणून नेमक्या दाटपणाला पॅनमध्ये बी सोडतात. पूर्वी साखरेची भुकटी आत ओढून घेत, पुढे स्पिरिटमध्ये दळलेल्या साखरेची स्लरी आली. ह्यानंतरचा वेळ पॅनमनचा. तो पॅनमधून नमुना काढतो, काचेवर पसरून उजेडात धरतो, बोटांत पाकाची तार ओढून पाहतो. पाक पातळ राहिला तर टाकलेलं बी विरघळतं. फार दाटला तर नवे बारीक कण आपोआप पडतात. कारखान्यात त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात, आणि ते साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून मळीबरोबर निसटतं किंवा जाळीच बुजवतं. एस-३० आणि एम-३० या साखरेच्या प्रतींमधला फरक ह्याच काही तासांत ठरतो. आज दाटपणा मोजणारी उपकरणं आहेत. त्यांच्याआधी कित्येक हंगाम हे सगळं नजर आणि बोटं यांवर चाललं.

दाणा उसाची हकीकतही सांगतो. तोडलेला ऊस फडात किंवा गाडीत शिळा झाला की जिवाणू त्यात डेक्स्ट्रान तयार करतात, आणि मग स्फटिक एका दिशेने लांबट, सुईसारखा वाढतो. वाहतुकीचा खोळंबा असा थेट पॅनमध्ये दिसतो.

स्वातंत्र्यानंतर सहकार आला : संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिक्कोडीचा दूधगंगा-कृष्णा, निपाणीचा हालसिद्धनाथ. घटप्रभेवरचं हिडकल धरण झालं, पाणी फिरलं. निपाणी तर तंबाखूची पेठ. एप्रिल १९८१ मधल्या तंबाखूच्या दरासाठीच्या आंदोलनात गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या दराच्या जखमेनंतर, पाणी मिळेल तिथे, हमखास गिऱ्हाईक असलेला ऊस जवळचा वाटला तर नवल काय.

बेळगावजवळ यमनापूरला इंडालचा, म्हणजे आजच्या हिंडाल्कोचा, अॅल्युमिना कारखाना आहे. साखरेचा मागोवा घेताना त्याचं नाव कुणी घेत नाही, पण घ्यावं. बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवून, गाळून, थंड करून त्यातही बीच टाकावं लागतं : आधीच्या घाण्यातले हायड्रेटचे बारीक स्फटिक. कार्ल बायर याला १८८० च्या दशकात सापडलेली ही गोष्ट पॅनमनला कुणी दोन वाक्यांत सांगितली, तर त्याला ती लगेच कळेल.

२०१८ पासून मात्र एक उलट प्रवाह सुरू झाला. केंद्राने बी-हेवी, म्हणजे दुसऱ्या उकाळ्यानंतरच्या, मळीपासून आणि थेट रसापासून इथेनॉल करायला वाव दिला. पूर्वी उरलेल्या पाकातून शक्य तेवढी साखर काढायला तिसरा उकाळा घेत आणि स्फटिक-पाकाचं ते जाड मिश्रण, म्हणजे मॅसिक्विट, क्रिस्टलायझरमध्ये सावकाश फिरवत थंड करत; बी-हेवी घेतली की तो टप्पा गळतो, आणि रस थेट डिस्टिलरीकडे वळवला की दाणा पाडायचा प्रश्नच राहत नाही. कारखान्याच्या ताळेबंदाला ते परवडतं, ह्यात शंका नाही. पण तिसऱ्या उकाळ्याचं काम सगळ्यांत अवघड, कारण सगळ्यांत अशुद्ध पाकातून दाणा वाढवायचा असतो. ते ज्यांना जमतं ते पॅनमन आता निवृत्तीला आले आहेत. बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे. या पॅनमनांच्या हातचं ज्ञान तिथे नोंदवून घ्यावं, आणि ते मराठी आणि कन्नड दोन्हींत, कारण पॅनवर दोन्ही भाषा बोलल्या जातात.