दाढ ठणकली की वजनकाटा अडतो

पोरगं जेवत नाही, अंगाला लागत नाही, वाढ खुंटली. तक्रार पोटाची वाटते, पण कधी कधी कारण तोंडात सापडतं. तेल्हाऱ्याच्या पालकांसाठी दातांच्या काही भन्नाट गोष्टी.

गुपचूप येणारी दाढ
दुधाचे दात 20. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागून आणखी एक दाढ येते. एकही दात न पडता आल्यामुळे घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती असते कायमची! ‘पडणारच आहे’ म्हणून किडू दिली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

किडा नसतोच
दाढेत किडा पडतो, म्हणून रिंगणीच्या बियांची धुरी देणारे अजूनही भेटतात. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी 1728 सालीच हा किडा खोटा ठरवला. खरे उपद्व्यापी डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. आईच्या उष्ट्या चमच्यातूनही ते बाळाकडे पोचतात.

उंचीपेक्षा दात खरे
इंग्लंडच्या 1833 च्या कायद्याने 9 वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत बंदी घातली. पण जन्मदाखला कुणाकडे? वय उंचीवरून ठरायचं. दंतवैद्य एडविन सॉन्डर्स यांनी 1837 मध्ये दाखवून दिलं, की वयाचा अंदाज उंचीपेक्षा दातांवरून जास्त बरोबर येतो.

काटा का अडतो?
दाढ दुखते म्हणून पोरगं भाकर चावत नाही, नुसता वरणभात गिळतं. रात्री ठणका लागतो, झोप मोडते. आणि वाढीचं संप्रेरक जास्त स्रवतं ते गाढ झोपेतच. फिलिपिन्समध्ये शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या, कमी वजनाच्या मुलांचे पार सडलेले दुधाचे दात काढले, तेव्हा त्यांचं वजन अधिक वाढलं. अर्थात दात किडलेलं प्रत्येक पोर किरकोळच असतं असं नाही. गोडधोड खाऊन गुटगुटीत झालेल्याचेही दात किडतात.

किती नव्हे, किती वेळा
गोड खाल्लं की दातांवर अर्धा तास तरी आम्लाचा मारा असतो. म्हणून जेवणासोबत खाल्लेला एक लाडू परवडला. दिवसभर चघळलेल्या गोळ्या आणि चहात बुडवलेले टोस्ट महागात पडतात. रात्री लाळ कमी होते, म्हणून साखरेचं दूध पिऊन तसंच झोपणं सगळ्यात वाईट.

खारपाणपट्ट्याचा गैरसमज
पाणी खारं म्हणजे त्यात फ्लोराइड जास्त, असं समीकरण नाही. फ्लोराइडला चव नसते. ते प्रयोगशाळेतच कळतं. थोडं असलं तर दात मजबूत होतात. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर हिरडीच्या आत घडत असलेल्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग उमटू शकतात. वान धरणाचं पाणी घरात येत नसेल, तर बोअरचं पाणी एकदा तपासून घ्याच.

फुकटची संधी
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं आणि त्याच्या तपासणी-यादीत दातांची कीडही आहे. पुढच्या उपचारांची चिठ्ठी मिळाली, तर ती दप्तरात चुरगळू देऊ नका. आणि ब्रशवर पेस्ट वाटाण्याएवढीच घ्या. जाहिरातीतली लांबलचक वेटोळी फक्त ट्यूब लवकर संपवतात.