‘अर्धवेळ’ या शब्दाची चिकित्सा : स्त्रियांचे काम, निवड आणि आत्मकथनाची भाषा

स्त्रिया पूर्णवेळ काम का स्वीकारतात आणि अर्धवेळ काम का पत्करतात, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडे सोपवला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काय आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नातील तीनही पदे, म्हणजे ‘पूर्णवेळ’, ‘अर्धवेळ’ आणि ‘निवड’, ही भाषेतून घडलेली आहेत, आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना ती जशीच्या तशी राहत नाहीत. प्रस्तुत लेखात या पदांचा मराठीतील व्यवहार तपासून, त्याच्या प्रकाशात काही स्त्री-आत्मकथनांकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयावरील पाश्चात्त्य चर्चेत कॅथरीन हकीम यांच्या ‘अभिरुचीच्या सिद्धान्ता’ला मोठे स्थान आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी स्त्रियांचे तीन गट कल्पिले : घराला प्राधान्य देणाऱ्या, कामाला प्राधान्य देणाऱ्या आणि दोहोंची सांगड घालू पाहणाऱ्या. तिसरा गट सर्वांत मोठा, आणि अर्धवेळ काम मुख्यतः त्याच गटाला भावते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या मांडणीवर पुष्कळ टीका झाली. तिचा मुख्य रोख असा की, आवड ही परिस्थितीच्या आधी जन्मत नाही. जे मिळण्याजोगे आहे तेच आपल्याला हवे होते असे माणूस कालांतराने मानू लागतो. अमर्त्य सेन यांनी वंचितांच्या संदर्भात हाच मुद्दा अधिक व्यापकपणे मांडलेला आहे. उलट बाजूने क्लॉडिया गोल्डिन यांनी (२०२३ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले) लक्ष वेधले ते कामाच्या रचनेकडे. काही व्यवसाय असे असतात की तेथे दुप्पट तास देणाऱ्याला दुपटीहून कितीतरी अधिक मोबदला मिळतो. अशा व्यवसायात पती-पत्नींपैकी एकाने मागे सरणे घराच्या दृष्टीने हिशेबाचे ठरते, आणि मागे कोणी सरायचे हे रूढीने आधीच ठरवलेले असते. नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक अर्धवेळ काम करतात. परंतु तेथे तासाचा मोबदला दोघांना समान असावा असा कायदा १९९६ पासून आहे, आणि कामाचे तास बदलून मागण्याचा हक्क २००० साली कायद्याने दिलेला आहे. तेथील ‘अर्धवेळ’ आणि आपला ‘अर्धवेळ’ हे एकच पद समजून तुलना करणे फसवे होईल.

मराठीत कामाच्या मोबदल्याला जितकी नावे आहेत तितक्या त्याच्या पायऱ्या आहेत. ‘पगार’ हा पोर्तुगिजांकडून आलेला शब्द दरमहाच्या खात्रीचा. ‘वेतन’ संस्कृत आणि सरकारी. ‘मजुरी’ दिवसाची, ‘मोल’ त्याहून जुने, आणि ‘मानधन’ या साऱ्यांहून प्रतिष्ठित वाटणारे, पण हाती घेतले तर बहुधा सर्वांत हलके. ‘मानधन’ हा शब्द ज्या कामाला लागतो ते काम नोकरी नसते. ती सेवा असते, आणि सेवेला तास नसतात. शासकीय मराठीने यात आणखी भर घातली आहे. ग्रामीण आरोग्य उपकेंद्रात ‘अंशकालीन स्त्री परिचर’ असते. महाविद्यालयात ‘तासिका तत्त्वा’वरील प्राध्यापक असतात, आणि पीएच.डी. झालेल्या कित्येक स्त्रिया त्या तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवत असतात. (प्रस्तुत लेखिकेचे पद ‘अभ्यागत’ आहे. अभ्यागत म्हणजे पाहुणा. पाहुण्याने किती वेळ थांबावे हे यजमान ठरवतो.) ‘अंश’, ‘अर्ध’, ‘तासिका’ हे सारे शब्द एका पूर्णाची कल्पना गृहीत धरतात. ते पूर्ण कोणते? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ होते. म्हणजे जवळजवळ पाच तासांचे काम आधीच पदरात असलेली व्यक्ती जेव्हा बाहेर चार तासांचे काम घेते, तेव्हा तिला ‘अर्धवेळ’ म्हणणे हा मोजणाऱ्याच्या दृष्टिकोनाचा भाग झाला.

घरकामगार स्त्रियांच्या बोलीत तर ही पदे उलटीपालटी होतात. मुंबईत काय किंवा दिल्लीत काय, ‘पार्ट-टाइम’ बाई म्हणजे सकाळी सहाला घराबाहेर पडून चार-पाच घरची धुणीभांडी, केरफरशी, पोळ्या उरकून संध्याकाळी परतणारी स्त्री. तिचा दिवस आठ तासांहून लहान नसतो. ‘फुल-टाइम’ म्हणजे मालकांच्या घरातच राहणारी; दिल्लीकर हिंदीत तिला ‘चौबीस घंटे’वाली म्हणतात. येथे पूर्णवेळ म्हणजे सबंध आयुष्याची वेळ. या पर्यायांत बहुसंख्य विवाहित स्त्रिया पहिलाच पत्करतात, आणि त्याची कारणे अगदी रोकडी आहेत. स्वतःचे घर, स्वतःची मुले, दुपारी दोन तास घरी येऊन भाकरी टाकण्याची सोय. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एक घर सुटले तरी उरलेली चार घरे राहतात. एका मालकावर अवलंबून न राहण्याचा हा हिशेब आहे. त्यात एकूण मिळकत अधिक असतेच असे नाही, खाडे झाले की पैसे कापले जातात, आणि रजा हा शब्दच तेथे नसतो. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि पगारवाढ, रजा, बोनस यांच्या मागण्या प्रथमच संघटितपणे पुढे आल्या. महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. ‘मोलकरीण’ या शब्दातील ‘मोल’ इतक्या दीर्घ काळानंतर वाटाघाटीचा विषय झाले, हे भाषेच्या अभ्यासकानेही नोंदवावे असे आहे.

या बोलीतील क्रियापदे मला विशेष अर्थपूर्ण वाटतात. घरकाम करणारी स्त्री म्हणते : चार कामं धरलीत, एक सोडलं. काम धरणे आणि सोडणे, दोन्ही सकर्मक. कर्ता ती स्वतः. मध्यमवर्गीय मराठीत मात्र नोकरी ‘लागते’, जशी भूक लागते, तहान लागते, दृष्ट लागते. ती मला लागते. मी तेथे चतुर्थीत उभी असते. पुढे ती ‘करावी लागते’, मुलांसाठी ‘सोडावी लागते’, आणि पुन्हा ‘मिळते’. इंग्रजीत ‘निवडणे’ या अर्थाच्या क्रियापदाला प्रथमेतील कर्ता लागतोच. त्यामुळे इंग्रजीत विचारलेल्या पाहणीत प्रत्येक स्त्रीने काहीतरी निवडलेले निघते. तीच स्त्री मराठीत उत्तर देताना निवडीचे वाक्य क्वचितच बोलते. ती निवड करत नाही असा याचा अर्थ घेऊ नये. ती निवडीचे श्रेय आणि तिचा दोष, दोन्ही वाक्याबाहेर ठेवते, आणि चारचौघांत ते तिच्या सोयीचेही असते. ज्यांच्या हाती पर्याय कमी त्यांचे व्याकरण अधिक कर्तृवाचक, आणि ज्यांच्या हाती अधिक त्यांचे व्याकरण भोगवाचक, ही विसंगती हकीम यांच्या तीन गटांत कोठेही बसत नाही.

काम पूर्ण की अर्धे हे अखेर ठरवतो कोण, याचे सर्वांत ठळक उदाहरण अंगणवाडीचे आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि गावातील स्त्रीने काही तास द्यावेत व त्याबद्दल मानधन घ्यावे अशी तिची कल्पना होती. पुढे पोषण आहार, लसीकरण, पूर्वशालेय शिक्षण, गरोदर मातांच्या नोंदी, गृहभेटी, सर्वेक्षणे आणि नोंदवह्या अशी कामे वाढत गेली; मानधन हा शब्द तसाच राहिला. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करत नाहीत असा निर्वाळा दिला होता. २५ एप्रिल २०२२ च्या गुजरातमधील प्रकरणात मात्र न्यायालयाने त्यांना उपदान कायदा लागू होतो असे ठरवले. त्यातील आपल्या निकालपत्रात न्या. अभय ओक यांनी त्यांच्यावर सोपवलेल्या कर्तव्यांची यादी पाहता हे काम अर्धवेळ आहे असे म्हणता येणार नाही, असे नमूद केले. गुजरातेत त्या वेळी सेविकेला दरमहा ७,८०० आणि मदतनिसाला ३,९५० रुपये मिळत होते. स्त्रियांनी अर्धवेळ काम निवडले नव्हते; त्यांच्या पूर्ण दिवसाला अर्धवेळ हे नाव दिले गेले होते. महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या, तेव्हाही मानधनवाढीबरोबर वेतन आणि उपदान हे शब्द त्यांच्या मागण्यांत होते.

दिल्लीत या साऱ्या प्रश्नाचा एक पत्ता सांगायचा झाला तर तो कोपर्निकस मार्ग असा सांगता येईल. मराठी माणसाला हा रस्ता जुन्या महाराष्ट्र सदनामुळे ठाऊक असतो, नाटक-संगीताच्या रसिकाला कमानी सभागृहामुळे. त्याच मार्गावर दूरदर्शन भवन आहे आणि केंद्रीय प्रशासकीय अधिकरणाचे प्रधान पीठही आहे. दूरदर्शनमध्ये ‘कॅज्युअल’ म्हणून महिन्यातले ठरावीक दिवस बोलावल्या जाणाऱ्या कलावंतांनी आपल्या नोकरीच्या नियमिततेसाठी याच अधिकरणाकडे दाद मागितली, आणि १९९२ साली त्यांच्यासाठी नियमितीकरणाची योजना आली. वर्षाला १२० दिवस काम हा तिचा एक निकष होता. एकशे वीस दिवसांपुढे माणूस ‘नैमित्तिक’ राहत नाही, ही रेषा कोठेतरी ओढावीच लागते. पण ती ओढली गेली की तिच्या अलीकडच्या स्त्रीचे एकशे एकोणीस दिवस कामाच्या इतिहासातून पुसले जातात.

केंद्र सरकारच्या सेवेत स्त्रीला सर्वसाधारणपणे अर्धवेळ हा पर्याय नाही; तेथे पर्याय आहे तो रजेचा. १ सप्टेंबर २००८ पासून दोन मुलांपर्यंत, मूल अठरा वर्षांचे होईतो, एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. २०१८ च्या अखेरीस झालेल्या बदलानुसार पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण वेतन व पुढच्या ३६५ दिवसांना ८० टक्के. चंदीगडच्या एका परिचारिकेने पतीच्या पहिल्या विवाहातील मुलांसाठी ही रजा घेतली होती, म्हणून तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाची रजा नाकारली गेली. अधिकरणाच्या चंदीगड पीठात आणि उच्च न्यायालयात ती हरली; ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. अशा तरतुदी नसत्या तर मूल झाल्यावर अनेक स्त्रियांना परिस्थितीवश नोकरी सोडणे भाग पडले असते, हे वास्तव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्या निकालात स्पष्टपणे मांडले आहे. पूर्णवेळ काम करणारी स्त्री पूर्णवेळ राहू शकते ती या मधल्या अर्ध्या वेळांच्या आधारावर. आणि हा आधार ज्या खासगी शाळेतील शिक्षिकेला किंवा कंत्राटी परिचारिकेला नाही, तिची ‘आवड’ घराकडे वळलेली आढळावी यात नवल ते काय?

आता आत्मकथनांकडे वळू. आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाह झाला. कर्व्यांचा वेळ आणि मिळकत संस्थेकडे वाहू लागली तेव्हा घर चालवणे ही बाया कर्व्यांची गोष्ट झाली. चरित्रकारांच्या भाषेत कर्वे ‘पूर्णवेळ’ कार्य करत होते. घर, आल्यागेल्याचे करणे आणि पुढे संस्थेसाठी वर्गणी जमवणे या बायांच्या कामाला मात्र तो शब्द कोणी लावला नाही. आत्मकथनाच्या शीर्षकातला ‘पुराण’ हा शब्द विनयाचा असेल. पण पुराणाला तासांचा हिशेब नसतो हेही त्यात आलेच.

बेबी हालदार यांच्या ‘आलो-आँधारि’चा येथे विचार करावा असे वाटते. मूळ बांग्ला लेखन हिंदी अनुवादातून २००२ मध्ये प्रथम ग्रंथरूपाने आले, आणि त्याचे स्थळ गुडगाव, म्हणजे दिल्लीचाच शेजार. लेखिका प्रबोध कुमार यांच्या घरी कामाला जाऊ लागतात. पुढे त्या राहत असलेली वस्ती पाडली जाते, आणि त्याच घराच्या गच्चीवरील खोलीत मुलांसह त्यांना आसरा मिळतो. म्हणजे ‘पार्ट-टाइम’वरून ‘चौबीस घंटे’कडे जाण्याचा प्रवास येथे आवडीने झालेला नाही, बुलडोझरने झालेला आहे. आणि तरीही वही-पेन मिळते ते याच घरात, लेखनाचा वेळ सापडतो तो याच घरात. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली लेखिकेसाठी स्वतःच्या खोलीची आणि उत्पन्नाची अट घातली होती. येथे खोली दुसऱ्याची आहे आणि उत्पन्न घरकामाचे. मालक सज्जन होता, हा योगायोग काढून टाकला तर या कथेचे काय उरते, असा प्रश्न तुलनाकाराने विचारायला हवा, आणि तो विचारताना लेखिकेचे कर्तृत्व उणे करू नये.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) दोन पिढ्या समोरासमोर येतात. वडिलांच्या मृत्यूनंतर आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणते. मुलगी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करते, संसार सांभाळून एम.ए. करते, चळवळीत जाते, लिहिते; आणि त्या वाढत्या वेळेवरून घरात ताण उत्पन्न होतो. मुलीची नोकरी पूर्णवेळ, हे कार्यालयाचे हजेरीपुस्तक सांगते. तिच्या लेखनाला कोणते नाव द्यायचे? घरच्यांच्या दृष्टीने ते अर्ध्या वेळेचेही नाही, उरलेल्या वेळेचे आहे. आणि आईचे विणणे? ते घरीच चालते, स्वयंपाकपाण्याच्या आधी, मध्ये आणि नंतर. त्यात वेळेचे तुकडे पाडता येत नाहीत. लेखिका आपल्या लेखनाचे नाते आईच्या विणण्याशी जोडते तेव्हा समीक्षक बहुधा कलाकुसरीच्या साम्याकडे पाहतात. मला ते साम्य वेळेचे अधिक वाटते : बांबूच्या बिळांप्रमाणे एक पट्टी दुसरीच्या खालून काढत, घरकामाच्या मधूनच पुढे सरकणारे काम, ज्याच्या सुरुवातीची किंवा संपण्याची घंटा कोणी वाजवत नाही.