भिजलेली भिंत

भिंत पडून माणसे मेली की दुसऱ्या दिवशी कारण ठरलेले असते : अतिवृष्टी. वर्तमानपत्रात तेच, पंचनाम्यात तेच. पाऊस हा फार सोयीचा आरोपी आहे; त्याच्यावर समन्स बजावता येत नाही. म्हणून पाणी भिंतीचे नेमके काय करते हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि या विषयाचा आपल्या वस्त्यांशी किती जवळचा संबंध आहे हे मला येथे मांडायचे आहे.

२ डिसेंबर २०१९ च्या पहाटे तामिळनाडूत मेट्टुपालयमजवळच्या नडूर येथे, जोरदार पावसानंतर, सुमारे २० फूट उंचीची एक खाजगी कुंपणभिंत अरुंधतियार या दलित जातीच्या घरांवर कोसळली. १७ माणसे गेली. वस्तीतले लोक तिला अस्पृश्यतेची भिंत म्हणत. त्याच वर्षी २ जुलैला, मध्यरात्रीनंतर, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाडा झोपडपट्टीवर जलाशयाच्या आवाराची भिंत पडली. तेथे सुमारे ३० जण दगावले.

आता माती पाहू. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्यांत थोडे पाणी असले तर ते कणांना धरून ठेवते. ओलसर वाळूचा लाडू वळतो तो त्यामुळे. पण पोकळ्यांतली सगळी हवा निघून पाणीच भरले, की वरचा भार कणांऐवजी काही अंशी पाणी पेलू लागते. कणांची एकमेकांवरची पकड सुटते. शिवाय वजन वाढते : एक घनमीटर कोरडी माती साधारण १.६ टन भरते, तीच पूर्ण भिजली की २ टनांपर्यंत जाते. म्हणजे माती जड होते आणि त्याच वेळी दुबळीही होते.

भिंतीमागे पाणी तुंबले तर त्याचा रेटा वेगळा. पाणी दोन मीटर उंच साचले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर दोन टन रेटा येतो. चार मीटर साचले तर आठ टन. उंची दुप्पट, रेटा चौपट.

यावरचा उपाय साधा आहे. माती अडवणाऱ्या भिंतीत ठरावीक अंतरावर पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवतात आणि मागे खडीचा थर भरतात. भोके ठेवलीच नाहीत किंवा ती बुजली, तर भिंतीला मातीबरोबर पाणीही अडवावे लागते. चिकण मातीतून पाणी सावकाश निघते. म्हणून पाऊस थांबल्यावरही भिंत पडू शकते.

माझे बालपण मातीच्या घरात गेले. पावसाळ्याआधी वडील भिंतीला तुराट्यांचा आडोसा करीत आणि जोत्यालगत चर खणून पाण्याला वाट काढून देत. ते शाळेत गेले नव्हते. पण पाण्याला वाट हवी हे त्यांना ठाऊक होते. ते ज्ञान उंच भिंती बांधणाऱ्यांजवळ नसते असे कोण म्हणेल?

मग भिंतीखाली आपलीच माणसे का असतात? गावात सांडपाणी जिकडे वाहते तिकडे आपला वाडा. शहरात डोंगराचा उतार, नाल्याचा काठ. जागा आपण निवडत नाही, इतरांनी टाकलेली आपल्या वाट्याला येते. पाऊस सर्वांवर सारखा पडतो. त्याचे पाणी कुठे तुंबावे हे मात्र माणसे ठरवतात.

म्हणून प्रश्न विचारा. भिंत किती उंच, किती जाड? भोके आहेत का? भर पावसात ती कोरडी राहतात का? भिंतीला पोट आले आहे का? तिरपी चीर गेली आहे का? पायथ्याशी गढूळ पाणी झिरपते का? बांधायला परवानगी कोणी दिली? हे सारे मे महिन्यातच, लेखी अर्जाने विचारावे. नडूरच्या रहिवाशांनी भिंतीबद्दल आधीच तक्रार केली होती, असे ते सांगत होते. अर्ज द्यावा, आणि त्याची तारखेसह पोच घेऊन वस्तीत जपून ठेवावी.