आडवा झालेला मासा

रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो आणि टाकीकडे नजर गेली. क्लाऊनफिश कोपऱ्यात, पंपाच्या खाली, एका कुशीवर कलंडलेला. पर हलतायत की नाही, तेही अंधारात कळेना. खाऱ्या पाण्याची टाकी लावून जेमतेम दोन महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी दारात हजर. दुकानदाराने वर्णन निम्मं ऐकलं आणि निळ्या औषधाची बाटली हातात ठेवली. "टाकीत ओता, दोन दिवसांत ठणठणीत." औषध तांब्याचं होतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही कोळंब्या आडव्या, गोगलगायी काचेवरून गळून पडलेल्या. माशाला मात्र काहीच झालं नव्हतं. आदल्या रात्री तो झोपला होता.

माशांना पापण्या नसतात, त्यामुळे त्यांची झोप आपल्याला झोपेसारखी दिसत नाही. क्लाऊनफिश समुद्रात सी-ॲनिमोनीच्या कुशीत रात्र काढतो. टाकीत ॲनिमोनी नसेल तर एखादा कोपरा, कधी चक्क हीटर धरून बसतो आणि तिथे तिरका डुलत राहतो. यलो टँगचा पिवळा रंग रात्री फिका पडतो आणि अंगावर पांढरट पट्टा उमटतो. काही रास जातीचे मासे वाळूत गडप होतात, काही स्वतःभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणून आत झोपतात. रॉयल ग्रामा तर भरदिवसा कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहतो. आणि 'डोरी' म्हणून ओळखला जाणारा ब्लू टँग घाबरला की दगडांत सपाट आडवा पडून मेल्याचं सोंग घेतो. यातलं काहीही आजार नाही. सकाळी दिवा लागल्यावर अर्ध्या तासात मासा खायला पुढे आला, तर रात्रीचं नाटक विसरून जावं.

थरथरण्याचंही तसंच. लहान क्लाऊनफिश मोठ्यासमोर कुशीवर होऊन अंग थडथड उडवतो, तेव्हा पाहणाऱ्याला वाटतं, याला झटके येतायत. खरं तर तो "तू मोठी, मी लहान" हे कबूल करत असतो. क्लाऊनफिश आधी नर असतात. गटातला सगळ्यात मोठा मासा तेवढा मादी होतो, आणि मादी गेली की तिच्याखालचा नर मादी बनतो. ही उतरंड सांभाळायला रोजचं थरथरणं लागतंच.

मग काळजी कधी करायची? मी रंग किंवा पोहण्याची तऱ्हा नंतर बघतो, आधी कल्ले बघतो. मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि कल्ल्यांची उघडझाप मोजायची. मासा निरोगी असतानाच हे दोनचारदा मोजून वहीत लिहून ठेवलेलं असेल, तर वाढ लगेच ध्यानात येते. वाढ दिसली की दुसरा प्रश्न: एकच मासा धापा टाकतोय की सगळे? सगळे एकदम पृष्ठभागावर आले, तर तो रोग नसून बहुतेक पाण्याचा बिघाड असतो. एकट्याचीच धाप असेल तर परजीवी, नाहीतर टाकीतला कुणीतरी दांडगोबा.

"पाणी तर काचेसारखं स्वच्छ आहे हो," हे वाक्य मी स्वतःही म्हटलेलं आहे. अमोनिया दिसत नाही. गोड्या पाण्यातला अनुभव इथे उलट गोत्यात आणतो. सामू 7 असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियाचा विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. खाऱ्या टाकीत सामू 8.2च्या आसपास, आणि तिथे तोच भाग सुमारे दहापट होतो. प्राणवायूचंही गणित वाईट: 25 अंशांना समुद्राच्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा साधारण एक पंचमांश कमी विरघळतो, आणि पाणी तापलं की आणखी कमी. मे महिन्यात मुंबईत दुपारी लाइट जाऊन पंप बंद पडला की मासे वर का येतात, ते यावरून कळेल.

क्षारतेची चूक तर घरोघरी. पाणी उडतं, मीठ उडत नाही. शंभर लिटरमधलं पाच लिटर उडालं की क्षारता 35 वरून 37च्या जवळ जाते. तिथे पुन्हा खारं पाणी ओतणारे दर आठवड्याला ती चढवत नेतात आणि मासा सुस्त का झाला म्हणून विचारतात. घट भरायची ती गोड्या, गाळलेल्या आरओच्या पाण्याने. खारं पाणी लागतं ते पाणी बदलताना. आणि "समुद्राचाच मासा, मग चौपाटीचं पाणी आणू" असं कुणी म्हणालं तर हात जोडावेत. शहराच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी असतं, पावसाळ्यात त्याची क्षारताही घसरते.

आता पांढरे ठिपके. सगळ्यात जास्त मासे याच गैरसमजात जातात. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे दाणे येतात, मासा दगडावर अंग घासतो, मालक काहीतरी ओततो, चारपाच दिवसांत दाणे गायब. श्रेय औषधाला, लसणाला किंवा नव्या क्लीनर कोळंबीला मिळतं. प्रत्यक्षात क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी त्वचेच्या वरच्या थराखाली तीन ते सात दिवस जेवतो आणि पोट भरलं की आपणहून गळून पडतो. त्वचेखाली असल्यामुळे कोळंबीची नखी तिथे पोचतच नाही. गळलेला जीव वाळूत, दगडावर कोष करतो. एका कोषातून शेकडो पिल्लं निघतात आणि दिवस-दोन दिवसांत त्यांना मासा सापडावा लागतो. कोष फुटायला काही दिवस लागतात, कधी कित्येक आठवडे. म्हणून अनुभवी लोक सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवून मुख्य टाकी अडीच महिने माशांविना ठेवतात. "हा रोग प्रत्येक टाकीत असतोच" हेही खोटं. तो नव्या माशाबरोबर, ओल्या दगडाबरोबर घरात येतो. आणि गोड्या पाण्यातल्या ठिपक्यांवरचा 'तापमान वाढवा' हा उपाय इथे करू नये. तो परजीवी वेगळा. इथे नुसता प्राणवायू घटतो.

ठिपके रव्याऐवजी पिठीसारखे बारीक, सोनेरी झाक असलेले, मासा उजेड टाळतोय आणि पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा आहे, असं दिसलं तर तो व्हेल्वेट नावाचा रोग समजावा. यात हाताशी फार दिवस नसतात. क्लाऊनफिशच्या अंगावरून दुधाच्या सायीसारखे पापुद्रे सुटत असतील तर ब्रुकलिनेला, आणि त्यावर तांबं चालत नाही, फॉर्मॅलिन लागतं. हा रोग समुद्रातून पकडलेल्या क्लाऊनफिशवर जास्त दिसतो. मासा हॅचरीतला आहे का, हे म्हणूनच विचारून घ्यावं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाऊनफिशचं प्रजनन होतं. औषध कोणतंही असो, ते वेगळ्या टाकीत द्यायचं. मुख्य टाकीतले दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, आणि कोळंब्यांचं काय होतं ते सांगून झालंच.

राहिला तो अंग घासणारा मासा, ज्याच्यावर एकही ठिपका नाही आणि ज्याचं पाणी तपासून ठीक निघालंय. एखादा डोळा धूसर असेल तर संशय चपट्या कृमींचा, फ्लूक्सचा. ते पारदर्शक असतात, अंगावर डझनभर असले तरी दिसत नाहीत. बादलीत आरओचं पाणी घ्या, तापमान आणि सामू टाकीएवढा करा, एअर स्टोन सोडा, मासा पाच मिनिटं त्यात ठेवा आणि नजर हलवू नका. मासा कोलमडला तर लगेच उचला. कृमी गोड्या पाण्यात पांढरे पडून तिळासारखे तळाशी गळतात. बादली मात्र काळी किंवा गडद निळी घ्या. मी पहिल्यांदा पांढरी घेतली होती.