निळ्या पाटीचें घर

लंडन शहरांत हिंडतांना जुन्या घरांच्या भिंतींवर ठिकठिकाणीं गोल निळ्या पाट्या दृष्टीस पडतात. अमुक गृहस्थ अमुक सालीं येथें राहत होते, एवढाच बहुधा त्यांवरील मजकूर. ही प्रथा १८६६ सालीं तेथील सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेनें सुरू केली. आज अशा पाट्यांची संख्या हजारावर गेली आहे. ज्याच्या नांवें पाटी लावावयाची, त्याच्या मृत्यूस निदान वीस वर्षें झालेलीं असावीं आणि त्याचा संबंध असलेली वास्तु उभी असावी, असा दंडक आहे.

परंतु पाटीची शक्ति ती किती! पहिली पाटी १८६७ सालीं कवि बायरन यांच्या जन्मघरावर लागली. पुढें १८८९ सालीं तें घरच पाडण्यांत आलें. पाटी स्मरण देते, संरक्षण देत नाहीं.

मेडा व्हेल भागांत, हौली प्लेसमधील १० क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नांवाची पाटी आहे. १९१८-१९ सालीं ते येथें राहिले, हें ती सांगते. कशासाठीं राहिले, हें मात्र सांगत नाहीं. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ग्रंथांतील मजकुराबद्दल त्यांनीं अब्रूनुकसानीचा दावा लावला होता. १९१९ सालीं ते तो हरले. तरी खचून न जातां स्वराज्याची मागणी तेथील लोकांपुढें मांडीत राहिले. तो पराभव आणि तो निर्धार पाटीवर कसा मावावा?

तेथें ध्वनिमार्गदर्शकाचें काम लागतें. १९५२ सालीं आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयांत ही युक्ति प्रथम योजली गेली, ती आपल्या नभोवाणीच्याच तत्त्वावर. प्रेक्षकांच्या हातांतील यंत्रावर एकच व्याख्यान सर्वांस एकाच वेळीं ऐकूं येई. म्हणून साऱ्यांना एकदमच पुढें सरकावें लागे! आतां तेंच निवेदन खिशांतल्या फोनवर मिळतें आणि हवें तेथें थांबवितांहि येतें.

मीं अनेक वर्षें शाळेंत इतिहास शिकविला आणि मुलांकडून सनावळी घोकून घेतली. एकदां एका मुलानें "पण कां?" असें विचारलें, तेव्हां वेळ नाहीं म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. माझें शिकविणें त्या पाटीसारखेंच होतें. खरें, पण मुकें.

म्हणून सांगतों, अशा शहरीं गेलांत तर आधीं पाटी वाचा, मग निवेदन ऐका, आणि शेवटीं यंत्र बंद करून त्या घराकडे क्षणभर स्वस्थ पाहा. तेव्हां मनांत जो प्रश्न उठेल, त्याला मात्र खालीं बसवूं नका.